आपला मुलूख, आपली शिदोरी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘प्रवास आणि पाककला’ या विषयावर बोलायला सांगितले तेव्हा मी त्यांना म्हटले, अहो, या दोन्ही बाबतींत माझ्याहून जाणत्या बायका मंडळात आहेत. प्रवास म्हणाल तर काशी-रामेश्वर करून आलेल्या दोघी-तिघी इथे पहिल्या रांगेतच बसल्या आहेत. पाककला म्हणाल तर माझी पुरणपोळी अजून तव्यावर फुटते, हे माझ्या शेजारणीला विचारा. पण चिटणीसबाईंपुढे कोणाचे चालले आहे? तेव्हा मी विषय थोडा आखडून घेतला. सकाळी एस.टी.ने निघून दिवेलागणीला घरी परतता येईल एवढाच मुलूख, आणि त्या मुलखातल्या चुलीवर जे शिजते तेवढेच अन्न. म्हणजे आपला धाराशिव जिल्हा.

यावर तुम्ही मनात म्हणाल, आपल्या जिल्ह्यात पाहायचे आहे काय? तुळजाभवानी आहे, ती आहेच. पण तिला आपण पाहायला जात नाही, तिच्यापुढे डोके टेकायला जातो. त्यापलीकडे काय? मीही परवापरवापर्यंत असेच म्हणत होते.

माझी एक भाची अमेरिकेत लुइझियाना राज्यात राहते. मध्यंतरी ती आली तेव्हा तिकडच्या गोष्टी सांगत होती. त्या राज्याच्या दक्षिणेला सगळा पाणथळ मुलूख आहे. नदीचे संथ, वाट चुकल्यासारखे फाटे. त्यांना ‘बायू’ म्हणतात. पाण्यातच उभे असलेले सायप्रसचे वृक्ष, त्यांच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या जटा. त्यातून होडीने पाहुण्यांना फिरवतात, मगरी दाखवतात आणि मग पोटभर जेवू घालतात. तिथल्या लोकांना ‘केजन’ म्हणतात. त्यांचे पूर्वज मूळचे फ्रेंच. कॅनडाच्या किनाऱ्यावर अकेडिया नावाच्या मुलखात त्यांची वस्ती होती. तिथून १७५५ साली इंग्रजांनी त्यांना हुसकून लावले. पुष्कळ हाल सोसून त्यांतले बरेच जण या दलदलीत येऊन राहिले, आणि तिथे जे मिळाले ते शिजवून खायला शिकले. त्यांचे एक कालवण आहे, ‘गंबो’. तेलात पीठ घालून ते चांगले तांबूस होईपर्यंत हलवत बसायचे, मग त्यात कांदा, ढोबळी मिरची, मासळी नाहीतर मांस आणि पुष्कळदा भेंडी. ही भेंडी तिकडे आफ्रिकेतून आली, गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर. आणि गंबो हे नावही आफ्रिकेतल्या भेंडीच्या नावावरूनच पडले, असे सांगतात. गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे जीव उकडून, वर्तमानपत्र पसरून त्यावर ओततात आणि सगळे भोवती उभे राहून खातात. ताट नाही, वाटी नाही!

मी म्हटले, “अगं, भाजलेल्या पिठाचे कालवण म्हणजे आपली येसराची आमटीच की.” आपण ज्वारी-बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ भाजून मसाल्याबरोबर दळून ठेवतो, त्या आयत्या वेळी हलवतात, एवढाच फरक. भाची हसली आणि म्हणाली, “मावशी, तिकडची म्हातारी माणसे आपला चिखलसुद्धा इतक्या हौसेने दाखवतात. मी लहानपणापासून तुमच्याकडे येते. तुम्ही मला तुळजापूर सोडून काय दाखवले?”

मला उत्तर सुचले नाही. मी तिला आणखी एक धपाटे वाढले.

त्यानंतरच्या मासिक सभेत मी सहज विचारले, नळदुर्गचे नर-मादी वाहताना कोणी कोणी पाहिले आहेत? हात वर झाले ते बोटांवर मोजण्याइतके. त्यांतल्या दोघींनी ते मोबाईलवर पाहिले होते! नळदुर्ग इथून तुळजापूरमार्गे पन्नास-पंचावन्न किलोमीटर. हैदराबादच्या रस्त्याने जाताना किल्ल्याचा तट आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण एस.टी.च्या खिडकीतून, आणि मांडीवरच्या पोराला आवरता आवरता.

हात वर न करणाऱ्यांत मीही होते, आणि त्याचे कारण सांगायला मला थोडे मागे जावे लागेल.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अणदूरजवळच्या एका खेड्यातल्या. अणदूर आणि नळदुर्ग यांच्या खंडोबाची गोष्ट तुम्हांला ठाऊक असेल. मूर्ती एकच आणि देवळे दोन. सव्वादहा महिने देव अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला, म्हणजे मैलारपूरला. देव न्यायचा आणि परत आणायचा तर दोन्ही गावांत रीतसर लेखी करार होतो. (देवालासुद्धा वर्षातून एकदा घर सोडून पावणेदोन महिने बाहेर राहता येते, हे मी आमच्या घरी दोन-तीनदा बोलून दाखवले आहे.) पौष पौर्णिमेला नळदुर्गला खंडोबाची मोठी जत्रा भरते. आत्याबाई लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्या जत्रेला जात. जत्रा झाली की वडील पोरांना किल्ल्यात नेत आणि बोरी नदीवरची ती प्रचंड भिंत दाखवत. पण पौषात त्या भिंतीवरून पाणी कुठले? वडील सांगत, “श्रावण-भादव्यात हितं हुबं ऱ्हायलं तर शेजारच्याचं बोलनं ऐकू येत न्हाई.” पोरगी ती कोरडी भिंत बघून घरी येई. श्रावण-भादव्यात शेतीची कामे. तेव्हा कोण नेणार? सोळाव्या वर्षी लग्न होऊन त्या धाराशिवला आल्या.

त्यांनी एकदा मामंजींना विचारले होते. मामंजी म्हणाले, “पान्याला काय बघायचं? हिरीत वाकून बघ.”

हे ऐकून तुम्ही हसलात, मीही हसत असे. पण मामंजी काही वाईट मनुष्य नव्हते. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर त्यांनी खडी फोडली होती. कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवरचा लाल मिलो खाऊन घर जगवले होते. तो मिलो अमेरिकेतून आलेला. म्हणजे भाचीच्या किती तरी आधी आमच्या घराचा अमेरिकेशी अन्नाचा संबंध जडला होता, आणि तो काही गोड नव्हता! ज्या माणसाने घागरभर पाण्यासाठी मैल मैल पायपीट केली त्याला, पाणी नुसते पाहायला जायचे, ही कल्पनाच उधळपट्टीची वाटली असावी. हे मला अलीकडे कळते.

पुढे आत्याबाई मला विचारू लागल्या. मी म्हणे, “पुढच्या वर्षी जाऊ.” एका वर्षी पाऊसच झाला नाही. २०१६ साली तर शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. आपल्याकडेही टँकरच्या मागे धावण्यात दिवस गेले, तेव्हा नर-मादीचे नाव कोण काढणार? पण ज्या वर्षी पाऊस झाला त्या वर्षी मुलाची बारावी होती. पुढच्या चांगल्या पावसात घराचे रंगकाम निघाले. तुळजापूरला मात्र आम्ही दर वर्षी जात होतो. तिथून नळदुर्ग तासाभराचा रस्ता. यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही, माझाच आहे. भाचीने जे विचारले ते आत्याबाई तीस वर्षे विचारत होत्या; फरक इतकाच की भाचीला उत्तर देता आले नाही याची मला लाज वाटली, आणि आत्याबाईंना उत्तर देताना ती कधी वाटली नव्हती.

तर आपली सहल ठरली. ठरताना काय काय झाले ते तुम्हांला माहीत आहेच. “बरोबर कोणी पुरुषमाणूस घ्या,” ही सूचना चार घरांतून आली. आपण ड्रायव्हरला पुरुषमाणूस धरले आणि पुढे सरकलो. शिदोरी वाटून घेतली. कोणी ज्वारीची धपाटी, कोणी शेंगदाण्याची चटणी (मिक्सरमधली नव्हे, उखळात कुटलेली, बोटाला तेल लागणारी), कोणी हिरव्या मिरचीचा ठेचा, कोणी दशम्या. दह्याचे मडके ज्यांच्याकडे दिले होते त्यांचे नाव मी घेणार नाही. वाटेतल्या एका खड्ड्याने ते मडके त्यांच्या नव्या इरकली साडीवर उपडे केले, आणि त्या बाई नळदुर्गपर्यंत “दही शुभ असते, दही शुभ असते” असे स्वतःलाच सांगत होत्या.

आत्याबाई बरोबर होत्या. वय एक्क्याऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले. घरचे नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, “मला वर बसवा आनि तुमी जावा.”

आता किल्ल्याविषयी थोडे सांगते. सगळा इतिहास सांगत नाही. तो पुस्तकात आहे आणि ऐकताना तुम्हांला डुलकी लागेल. किल्ला जुना, चालुक्यांच्या काळापासूनचा सांगतात. पुढे बहामनींकडे आणि मग विजापूरच्या आदिलशाहीत गेला. आपल्या जिल्ह्याचे ठाणे एके काळी नळदुर्गलाच होते. मेडोज टेलर नावाचा इंग्रज अधिकारी १८५३ पासून काही वर्षे इथला कारभार पाहत होता. ठगांवर कादंबरी लिहिणारा तोच. पुढे त्याने चांदबिबीवरही एक मोठी कादंबरी लिहिली. किल्ल्यात नऊ पाकळ्यांचा नवबुरूज आहे, आणि उपळी बुरूज नावाचा उंच बुरूज आहे; त्यावर लांबच लांब तोफा पडून आहेत. उपळी बुरुजावर आपल्यातल्या तरुण मुली चढल्या. मी अर्ध्या पायऱ्यांवरून तोफांना नमस्कार केला.

पण खरे पाहायचे ते पाणीमहाल. बोरी नदीने किल्ल्याला वेढा दिला आहे आणि पलीकडच्या टेकडीवर रणमंडळ नावाचा लहान किल्ला आहे. हे दोन किल्ले जोडणारी दगडी भिंत नदीत आडवी घातली, तीच धरण झाली. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, हे काम पुरे झाले. भिंतीच्या माथ्यावर पाणी सोडण्यासाठी दोन खोलगट वाटा ठेवल्या आहेत. एकीला नर म्हणतात, दुसरीला मादी. वरच्या अंगाला आता बोरी धरण आहे. ते भरून सांडले म्हणजे हे दोन्ही धबधबे वाहू लागतात. म्हणून जायचे तर आधी धरण भरल्याची बातमी पेपरात पाहून मगच जायचे, पंचांग पाहून नव्हे.

आणि या भिंतीच्या पोटात महाल आहे! वरून एक अरुंद, अंधारा जिना खाली उतरतो. एका वेळी एकच बाई, तीही साडी सावरत. मागे वळायची सोय नाही. एक जण मध्येच “मला जीव गुदमरतोय” म्हणाली तेव्हा पुढच्या सगळ्यांना उतरावे आणि मागच्या सगळ्यांना चढावे लागले. खाली गेलो की कमानी, सज्जा, नक्षीच्या खिडक्या. त्या खिडक्या नदीच्या उताराकडे उघडतात, आणि वरून पडणारे पाणी त्यांच्यासमोरून पडदा सोडल्यासारखे कोसळत असते. डोक्यावरून नदी चालली आहे, समोर नदी पडते आहे आणि आपण मध्ये कोरड्या उभ्या! चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी ही भिंत अशी बांधली आहे की बसायच्या जागेत पाणी येत नाही. माझ्या घराच्या गच्चीला दहा वर्षांत दोनदा डांबर फासून झाले, तरी न्हाणीघरात ठिपकतेच. मी तिथे उभी राहून त्या गवंड्यांची आठवण काढली.

आवाज इतका की बोलणे ऐकू येत नव्हते. आत्याबाईंच्या वडिलांनी सांगितले होते तसेच.

त्या वर होत्या. भिंतीच्या माथ्यावर एका दगडावर त्यांना बसवले होते, आणि एक मुलगी त्यांच्याजवळ ठेवली होती. आम्ही वर आलो तेव्हा त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या आणि पदर डोक्यावर घेतला होता. वाऱ्याने उडणारे तुषार तोंडावर येत होते, ते पुसत नव्हत्या. मला म्हणाल्या, “म्या याला कोरडाच बगितला व्हता.” मग म्हणाल्या, “खाली काय हाय ते सांग.” मी त्यांच्याजवळ बसून सांगितले. जिना किती पायऱ्यांचा, खिडकी केवढी, पाणी किती हातांवर. त्या मध्येच विचारत, “भिंत गार लागती का?” मी भिंतीला हात लावून पाहिला नव्हता. मी पुन्हा खाली गेले, हात लावून आले आणि सांगितले, “गार आहे.”

जेवायला आम्ही तटाच्या सावलीला बसलो. दही साडीवर गेलेले, तेव्हा धपाटी चटणीशी खाल्ली. तशी चव मला पुन्हा घरात आणता आली नाही.

जेवणाचा विषय निघालाच आहे तर आता येळवशीकडे येते. पुस्तकात वेळा अमावस्या लिहितात, आपण येळवस म्हणतो. मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर आणि आपला धाराशिव, या पट्ट्यातला हा सण पुण्या-मुंबईकडच्या माणसाला समजावून सांगताना माझी त्रेधा उडते. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शेते भरतात. रब्बीची ज्वारी कमरेच्या वर आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले. शेतात कडब्याची खोप करायची, तिच्यात चुना-काव लावलेले पाच दगड मांडून लक्ष्मीची पूजा करायची, आणि आंबील शेताच्या चारी कडांना शिंपायची. मग पंगत. ज्याला शेत नाही त्याला कोणीतरी बोलावतेच. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात, आणि नाही म्हणायची सोय नसते. सांजेला पेटती पेंढी घेऊन शेताला फेरी घालतात. केजन लोकांचे वर्तमानपत्रावरचे जेवण मला ऐकताना परके वाटले नाही ते यामुळेच. जमिनीवर बसून, ओळख न विचारता वाढणे आपल्यालाही ठाऊक आहे.

आंबील करायची तर ज्वारीचे पीठ आधी भिजवून आंबवावे लागते, मग शिजवायचे, गार झाले की ताक, लसूण, जिरे, कोथिंबीर. मडक्यात भरून, घोंगडीत गुंडाळून ती डोक्यावरून शेतात जाते. बाजरीचे उंडे वाफवायचे, गव्हाची गुळातली खीर, आणि भज्जी. तळलेले भजे नव्हे. हिरवा हरभरा, तुरीचे आणि वालाचे दाणे, मटार, शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, गाजर, त्या वेळी शेतात जे जे हिरवे असेल ते सगळे एकत्र शिजवून, चिंचेच्या कोळात बेसन कालवून लावायचे आणि वरून लसूण-मिरचीची फोडणी. हा सगळा स्वयंपाक आदल्या रात्रीपासून चालतो. शेतावर पुरुष मंडळी “यंदा भज्जी फक्कड झाली” म्हणत आडवी होतात तेव्हा करणारीच्या डोळ्यांत धूर आणि झोप दोन्ही असतात. हेही भाषणात नोंदवून ठेवावे असे मला वाटले.

नळदुर्गहून आल्यावर त्या वर्षीच्या येळवशीला आत्याबाई चुलीजवळ पाटावर बसून होत्या आणि मी करत होते. “बेसन किती घालू?” असे मी विचारले की त्या म्हणत, “हाताला कळंल तेवढं.” आंबील किती आंबवायची ते त्या मडक्याला नाक लावून सांगत. मी त्यांना म्हटले, “आत्याबाई, पुढच्या वर्षी मापे घेऊन सगळे वहीत लिहून काढू.” पुढच्या वर्षी म्हणायची माझी सवय गेली नव्हती, पाहा. वैशाखात त्या गेल्या. पुढच्या येळवशीला माझी आंबील इतकी आंबली की शेतावर कोणी दुसऱ्यांदा मागितली नाही. सगळे “छान आहे” म्हणाले, तेव्हाच मला कळले. वहीत त्यांच्या हातचे एकही माप नाही.

म्हणून मंडळाने जे काम हाती घेतले आहे त्याविषयी सांगते. आपल्या घरातल्या जुन्या बायकांकडून पदार्थ लिहून घ्यायचे. पुरणपोळी आणि श्रीखंड नकोत, ते छापील पुस्तकांत मिळतात. हुलग्याचे माडगे लिहा. हुलगे भाजून दळायचे आणि ते पीठ पाण्यात पातळ शिजवायचे, एवढेच मला येते. पण तेच माडगे सर्दी-पडशात एका प्रकारे करतात आणि टंचाईच्या दिवसांत सगळ्या घराला पुरावे म्हणून दुसऱ्या प्रकारे करत, असे एका आजींनी सांगितले. शेंगोळे लिहा, कळण्याची भाकरी लिहा, येसराची प्रत्येक घरची मापे लिहा. भूम-वाशीकडच्या भगिनींनी खव्याच्या भट्टीवर बसणाऱ्या बायकांना विचारावे. पाच लिटर दूध आटवून किलोभर खवा होतो हे आपण ऐकतो, पण ते दूध करपू न देता हलवायला हात कुठून आणावा, हे त्याच सांगतील. कुंथलगिरीला सिद्धक्षेत्राच्या दर्शनाला जाऊन येणारी माणसे पेढे आणतात, त्यामागे हा हात असतो. आणि ज्यांच्या घरी सामिष चालते त्यांनी आपल्या उस्मानाबादी शेळीच्या मटणाचा रस्सा आणि पावसाळ्यातल्या खेकड्यांचा रस्सा जरूर लिहावा, संकोच करू नये. शेळीचे नाव तेवढे जुनेच राहिले आहे. जिल्हा धाराशिव झाला तरी शेळी उस्मानाबादीच, आणि बहुधा जुळी करडे देऊन गरीब बाईची अडचण भागवते तीही हीच.

लिहून घेताना “अंदाजाने” हा शब्द आला की तिथेच थांबायचे, त्यांचा हात वाटीत रिकामा करायचा आणि वाटी मोजायची. मला हे उशिरा सुचले.

सहलीचे राहिले. गेल्या माघात आपण तेरला गेलो. गोरोबाकाकांचे देऊळ सर्वांना माहीत असते. पण तेर म्हणजे जुने तगर, आणि पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर म्हणून त्याची नोंद आहे. इथले कापड भडोचच्या बंदरात जाऊन पुढे समुद्रापार जाई. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मणी, मातीची खेळणी, बाहुल्या अशा शेकडो वस्तू आहेत. तेरला हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्तीही सापडली आहे. तिच्यासारखीच दुसरी इटलीत, पॉम्पेई गावात, १९३८ साली मिळाली. ते गाव इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. म्हणजे आपल्या दख्खनच्या बाजूची एक बाई एकोणीसशे वर्षांपूर्वी रोमला पोचली असावी, आणि आपल्याला नळदुर्गला जायला भाचीने टोचावे लागले! तेरचे त्रिविक्रमाचे देऊळही नीट पाहा. ते मुळात विटांचे बौद्ध चैत्यगृह, मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल.

पुढचा बेत परंड्याचा आहे. विजापूरला गेलेल्यांनी मुलूखमैदान तोफ पाहिली असेल. ती १६३२ साली विजापूरला नेली, त्याआधी परंड्यालाच होती. परतताना डोमगावला सीनेकाठी कल्याणस्वामींच्या मठात जाऊन येऊ. धाराशिवची लेणी तर शहरापासून आठ किलोमीटरवर आहेत. तिथे न गेलेल्यांनी मला नंतर एकटीला भेटून कबूल करावे, इथे हात वर करायला लावत नाही.

नळदुर्गची सहल आता दर वर्षी ठेवायची असे कार्यकारिणीत ठरले आहे. यंदा बोरी धरण भरल्याची बातमी आली की दोन दिवसांत निघायचे. तारीख आधी सांगता येणार नाही, म्हणून नावे आताच द्यावीत. ज्यांच्या घरी सासूबाई, आई, आजी आहेत त्यांनी त्यांचे नाव आधी लिहावे आणि आपले नंतर. गुडघे दुखणाऱ्यांसाठी आपण चार घडीच्या खुर्च्या विकत घेतल्या आहेत. त्या भिंतीच्या माथ्यावर मांडू, आणि प्रत्येकीजवळ खाली जाऊन येऊन नीट सांगणारी एक मुलगी ठेवू. दह्याचे मडके या वेळी माझ्याकडे.